काटा हलत नाही तेव्हा: वजन कमी करण्याच्या पहिल्या चार आठवड्यांसाठी

वजन कमी करायला निघालेली बरीच माणसे दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यात थांबतात आणि कारण विचारले तर बहुतेकांचे उत्तर सारखेच असते: एवढे सगळे केले, पण काटा जागचा हलला नाही. मी स्वतः या टप्प्यावर दोनदा अडकले आहे. पहिल्या खेपेला मी अठराव्या दिवशी सोडून दिले. दुसऱ्या खेपेला सोडले नाही, पण तेव्हा माझी इच्छाशक्ती वाढली होती असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. बदल झाला होता तो इतकाच, की वजन कसे मोजायचे, किती दिवसांनी त्यावर मत बनवायचे आणि दरम्यानच्या काळात कशाची नोंद ठेवायची हे मी सुरुवातीलाच ठरवून ठेवले होते. पहिल्या महिन्यात हुरूप टिकवण्याचा प्रश्न बराचसा मोजमापाचा असतो, असे माझे तेव्हापासून मत आहे आणि पुढचे सारे मार्गदर्शन त्याच मतावर उभे आहे.

सुरुवातीलाच एक सूचना. गरोदर किंवा स्तनपान करणाऱ्या स्त्रिया, अठरा वर्षांखालील मुले, इन्सुलिन किंवा रक्तातील साखर कमी करणारी औषधे घेणारे रुग्ण आणि पूर्वी खाण्यासंबंधीचा मानसिक विकार झालेल्या व्यक्ती यांनी आहारात कपात करण्याआधी डॉक्टरांशी बोलावे. हा लेख त्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही.

पहिली पायरी: काटा नेमके काय मोजतो ते समजून घ्या

शरीरातील एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 किलोकॅलरी इतकी साठवलेली ऊर्जा. समजा, तुम्ही रोज शरीराच्या गरजेपेक्षा 400 किलोकॅलरी कमी घेत आहात, जी नवख्या माणसाला झेपेल अशी तूट आहे, तर दिवसाला सुमारे 52 ग्रॅम चरबी खर्च होते आणि आठवड्याला साडेतीनशे ग्रॅमच्या थोडी वर. आता 250 मिलिलिटरचा पाण्याचा एक पेला पिऊन काट्यावर उभे राहा. काटा 250 ग्रॅम जास्त दाखवेल, म्हणजे जवळजवळ पाच दिवसांची खरी घट एका पेल्याआड झाकली जाईल. प्रौढ माणसाचे वजन एका दिवसात किलो-दीड किलोने सहज वरखाली होते. एवढ्या चढउतारात 52 ग्रॅम शोधायला गेलेला माणूस निराश होणार, हे उघड आहे.

हे चढउतार होतात कशामुळे, ते थोडे तपशिलाने पाहायला हवे, कारण नेमक्या सुरुवातीच्या आठवड्यांत त्यातली बरीच कारणे एकत्र येतात. यकृत आणि स्नायू ग्लायकोजेन या रूपात कर्बोदकांचा साठा ठेवतात. हा साठा सर्वसाधारणपणे चारशे ते पाचशे ग्रॅम असतो आणि त्यातील प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. कर्बोदके एकदम कमी केली की हा साठा उतरतो, त्याबरोबर पाणी जाते आणि पहिल्याच आठवड्यात दीड-दोन किलो गेल्याचा आनंद मिळतो. एखाद्या दिवशी भरपूर कर्बोदके खाल्ली की तेच पाणी परत येते आणि आनंद देणारा तोच काटा आता फसवणूक केल्यासारखा वाटतो. ओळखीतल्या कोणाचे आठवड्यात दोन किलो उतरल्याचे ऐकून आपले शून्य ग्रॅम टोचू लागतात, तेव्हा त्या दोन किलोंत चरबीचा वाटा फार थोडा असणार, एवढे मनाशी धरावे.

खारट जेवण झाले की शरीर मीठ विरळ ठेवण्यासाठी पाणी धरून ठेवते. पोट साफ झाले नाही तर त्याचेही वजन काट्यावर येते, आणि आहार बदलल्यावर पहिले काही दिवस पोटाचे वेळापत्रक बिघडणे नवीन नाही. मासिक पाळीच्या आधीच्या दिवसांत पाणी साठून वजन वाढते आणि पाळी सुरू झाल्यावर ते ओसरते. यात भर पडते व्यायामाची. ज्या स्नायूंना सवय नाही त्यांना कामाला लावले की त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते, दुरुस्तीसाठी तिथे द्रव जमतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग ठणकते. म्हणजे ज्या सोमवारी माणूस मोठ्या उत्साहाने व्यायाम सुरू करतो, त्याच आठवड्यात काटा अर्धा किलो वर जाण्याची पुरेपूर शक्यता असते. चरबी कमी होत असते, पाणी वाढत असते आणि काटा दोहोंची बेरीज दाखवत असतो.

घाम किती आला यावरूनही काही ठरवू नये. शरीरातील चरबी जाते कुठे, या प्रश्नाचे उत्तर ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका लेखात फार नेमके दिले आहे: दहा किलो चरबीचे पूर्ण ज्वलन झाले तर 8.4 किलो कार्बन डायऑक्साइडच्या रूपात श्वासावाटे बाहेर पडते आणि उरलेल्या 1.6 किलोचे पाणी होते. चरबी आपण बव्हंशी उच्छ्वासातून टाकतो. जाड कपडे घालून घाम काढल्याने जे वजन उतरते, ते पाणी प्यायल्यावर परत येते.

दुसरी पायरी: वजन घेण्याची एकच पद्धत ठरवा

सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यानंतर, काहीही खाण्यापिण्याआधी आणि कमीत कमी कपड्यांत वजन घ्यावे. काटा एकच असावा आणि तो सपाट, कडक फरशीवर ठेवलेला असावा. गालिचावर ठेवलेला काटा चुकीचे आकडे दाखवतो. दुसऱ्याच्या घरचा, व्यायामशाळेतला किंवा दवाखान्यातला आकडा या नोंदीत मिसळू नये. काटा एखाद्या किलोने चुकत असला तरी फारसे बिघडत नाही, कारण आपल्याला फरक पाहायचा आहे आणि तोच काटा रोज तेवढाच चुकत असेल तर फरक बरोबर येतो.

रोज वजन घ्यावे की आठवड्यातून एकदा, यावर मतभेद आहेत. माझा कौल रोज घेण्याकडे आहे, पण एका अटीवर: रोजचा आकडा फक्त लिहायचा, त्यावर विचार करायचा नाही, आणि आठवड्याच्या शेवटी सातही आकड्यांची सरासरी काढून तीच खरे वजन मानायची. आठवड्यातून एकदाच वजन घेणाऱ्याच्या वाट्याला नेमका वाईट दिवस आला तर पुढचे सात दिवस तो त्या एका आकड्याच्या छायेत काढतो. याउलट, काट्यावर उभे राहण्याच्या विचारानेच ज्यांचा दिवस बिघडतो, किंवा आकडा पाहून ज्यांना त्या दिवशी उपाशी राहावेसे वाटते, त्यांनी काटा महिनाभर कपाटात ठेवावा आणि पुढे सांगितलेली मोजपट्टी वापरावी. त्यांच्या कामात त्याने काहीही उणे पडत नाही.

हे सारे कागदावर कसे दिसते ते दाखवण्यासाठी माझ्याच वहीतले चार आठवडे देते. आकडे किलोमध्ये आहेत आणि प्रत्येक आठवडा सोमवारपासून सुरू होतो.

पहिला आठवडा: 81.6, 82.3, 81.9, 82.0, 81.4, 81.8, 82.2. सरासरी 81.9.
दुसरा आठवडा: 81.9, 82.4, 81.7, 81.3, 81.5, 82.0, 81.6. सरासरी 81.8.
तिसरा आठवडा: 81.8, 81.1, 81.4, 81.6, 80.9, 81.2, 81.5. सरासरी 81.4.
चौथा आठवडा: 81.6, 80.8, 81.0, 80.5, 80.9, 80.7, 81.1. सरासरी 80.9.

आता फक्त सोमवारचे आकडे वाचा: 81.6, 81.9, 81.8, 81.6. तीन आठवडे मन मारून खाल्ले, रोज चालले आणि जिथून निघाले तिथेच परत आले, असा याचा सरळ अर्थ निघतो. पहिल्या प्रयत्नात मी सोमवारीच तेवढे वजन घेत असे आणि त्या हिशेबाने माझे सोडून देणे अगदी तर्कशुद्ध होते. सरासरीचे आकडे मात्र 81.9, 81.8, 81.4, 80.9 असे आहेत, म्हणजे त्याच काळात एक किलो गेलेला आहे. दुसऱ्या आठवड्यातील मंगळवारचे 82.4 हे पाळीच्या आधीचे आहेत, आणि सोमवारचे आकडे चढे दिसतात ते बहुधा रविवारी रात्री उशिरा झालेल्या खारट जेवणामुळे. पहिल्या दोन आठवड्यांत सरासरीदेखील जेमतेम शंभर ग्रॅमने उतरली आहे, हेही पाहून ठेवावे. खरी उतरण तिसऱ्या आठवड्यापासून दिसते, आणि मागच्या खेपेला मी तिसऱ्या आठवड्यातच हात टेकले होते.

तिसरी पायरी: निकालाची तारीख आधी लिहून ठेवा

सुरुवातीच्या दिवशीच वहीत अठ्ठावीस दिवसांनंतरची तारीख लिहावी आणि त्या तारखेपर्यंत आपला प्रयत्न यशस्वी की अयशस्वी यावर स्वतःशीसुद्धा चर्चा करू नये. चार आठवडे निवडण्यामागे कारण आहे. पाण्याचे बहुतेक चढउतार या मुदतीत एकमेकांना छेदून जातात, आणि ज्यांना पाळी येते त्यांच्या बाबतीत साधारण एक पूर्ण चक्र त्यात सामावते. त्यांनी एका चक्रातील पहिल्या आठवड्याची तुलना पुढच्या चक्रातील पहिल्या आठवड्याशीच करावी. पाळीनंतरचा आठवडा आणि पाळीआधीचा आठवडा यांची तुलना म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी एका तराजूत घालणे होय.

आरशाचा कौल तर या काळात मुळीच घेऊ नये. माणूस स्वतःला रोज पाहतो, त्यामुळे हळू होणारा बदल त्याच्याच डोळ्यांना शेवटी दिसतो.

चौथी पायरी: मोजपट्टी आणि इतर साक्षीदार

कापडी मोजपट्टीने पंधरा दिवसांतून एकदा कंबरेचा घेर मोजावा. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मधोमध पट्टी आडवी धरावी, ती त्वचेत रुतू देऊ नये आणि नेहमीसारखा श्वास सोडल्यावर आकडा वाचावा. पोट आत ओढून मिळवलेल्या सेंटिमीटरचा पुढच्या वेळी आपल्यालाच जाच होतो. दोनदा मोजून सरासरी घेतली तर अधिक चांगले. व्यायाम सुरू केलेल्या माणसाचा काटा स्थिर असताना घेर कमी होऊ शकतो, आणि पोटाभोवतीच्या चरबीचा हृदयविकार व मधुमेह यांच्याशी जवळचा संबंध असल्यामुळे ही घट आरोग्याच्या दृष्टीने जास्त मोलाची आहे.

त्याशिवाय दोन-तीन गोष्टी सुरुवातीलाच मोजून ठेवाव्यात, ज्या वजनाच्या आधी सुधारतात. ठरावीक अंतर चालायला किती मिनिटे लागतात, दोन मजले चढल्यावर श्वास पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो, विश्रांतीच्या वेळी नाडीचे ठोके मिनिटाला किती पडतात, हे घरच्या घरी मोजता येते. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी त्याची नोंद ठेवावी. व्यायामानंतर शरीराच्या पेशी इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देतात आणि हा परिणाम एकाच दिवसाच्या व्यायामानेही साधारण एक-दोन दिवस टिकतो. त्यासाठी एक ग्रॅमही वजन कमी व्हावे लागत नाही.

पाचवी पायरी: उद्दिष्ट किलोत न लिहिता कामात लिहा

महिन्यात तीन किलो कमी करणे हे तुमच्या हातात नसते. आठवड्यात पाच दिवस अर्धा तास चालणे हातात असते. हा भेद किरकोळ वाटतो, पण नाउमेद होण्याचे मूळ पुष्कळदा त्यातच असते: जे हातात नाही त्यावर आपण स्वतःला गुण देत राहतो आणि जे खरोखर केले त्याची कुठे नोंदच होत नाही. म्हणून वहीचे एक पान कामाचे असावे. सुरुवातीला तीनच कामे निवडावीत आणि ती इतकी स्पष्ट असावीत, की रात्री त्यांच्यापुढे झाले किंवा नाही एवढेच लिहिता यावे. उदाहरणार्थ: अर्धा तास चालणे; दोन्ही जेवणांत अर्धे ताट भाज्यांचे ठेवणे; रात्रीच्या जेवणानंतर काही न खाणे. ‘आरोग्यदायी खाणे’ हे काम म्हणून चालणार नाही, कारण त्याचा अर्थ मूडप्रमाणे बदलतो.

मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी 1999 साली मांडलेली एक साधी रीत इथे उपयोगी पडते. ठरावाला प्रसंग जोडायचा: अमुक घडले की मी तमुक करेन. ‘मी रोज चालेन’ हा ठराव हवेत राहतो. ‘सकाळी चूळ भरली की मी बूट घालेन’ या ठरावाला कधी आणि कुठे याची खुंटी मिळते आणि त्या क्षणी मनाशी वाटाघाटी करण्याची गरज उरत नाही. अडचणींसाठीही असेच ठरवून ठेवता येते: पाऊस असेल तर मी घरात वीस मिनिटे जिना चढेन-उतरेन, कामावर उशीर झाला तर रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटे चालेन.

सवय अंगवळणी पडायला एकवीस दिवस लागतात, असे सर्रास सांगितले जाते आणि बाविसाव्या दिवशीही कंटाळा आला की माणूस स्वतःला दोष देतो. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 जणांवर केलेल्या अभ्यासात एखादी रोजची कृती आपोआप होऊ लागण्यासाठी साधारण 66 दिवस लागल्याचे दिसले, आणि माणसागणिक व कृतीगणिक हा काळ 18 पासून 254 दिवसांपर्यंत बदलत होता. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्याच्या प्रक्रियेला लक्षणीय धक्का बसला नाही, असेही आढळले. तिसऱ्या आठवड्यात चालायला निघणे जड जात असेल, तर ते अपेक्षितच आहे.

सहावी पायरी: अपेक्षा तपासा

आठवड्याला अर्धा ते एक किलो हा वेग डॉक्टर सहसा सुरक्षित मानतात, आणि मध्यम बांध्याच्या किंवा थोडेच वजन जास्त असलेल्या माणसाने त्याच्या खालच्या टोकाकडेच पाहावे. अपेक्षा वास्तवापेक्षा किती पुढे धावतात, याचे एक बोलके उदाहरण 1997 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात आहे. उपचार सुरू करण्यापूर्वी साठ स्त्रियांना त्यांचे लक्ष्य विचारले, तेव्हा सरासरीने त्यांना शरीराच्या वजनापैकी 32 टक्के कमी करायचे होते; सतरा किलो घट झाली तर आपण निराश होऊ, असे त्यांचे उत्तर होते. अठ्ठेचाळीस आठवड्यांनंतर त्यांचे वजन सरासरी सोळा किलोंनी उतरले होते. कोणत्याही डॉक्टरने पाठ थोपटावी असे हे यश, आणि तरीही जवळजवळ निम्म्या जणींना स्वतःच्या ‘निराशाजनक’ रेषेपर्यंतसुद्धा पोहोचता आले नव्हते.

याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवावा. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांवर अमेरिकेत झालेल्या आणि 2002 साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत जीवनशैली बदलणाऱ्या गटाला दिलेले लक्ष्य होते वजनात सात टक्के घट आणि आठवड्याला दीडशे मिनिटे मध्यम व्यायाम. या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण 58 टक्क्यांनी कमी झाले. ऐंशी किलोच्या माणसासाठी सात टक्के म्हणजे साडेपाच किलोंच्या आसपास. फोटोत एवढा फरक कोणाच्या नजरेत भरणार नाही कदाचित, पण इन्सुलिन बनवणाऱ्या स्वादुपिंडाला तो नक्की कळतो.

सातवी पायरी: बिघडलेल्या दिवसासाठी नियम

काटा हलत नाही म्हणून खाणे आणखी कमी करण्याचा मोह दुसऱ्या आठवड्यात हमखास होतो. तो टाळावा. संशोधक अँसेल कीज यांनी 1944-45 मध्ये मिनेसोटा विद्यापीठात 36 निरोगी तरुणांवर केलेल्या अर्धउपासमारीच्या प्रयोगात त्यांना दिवसाला सुमारे 1,570 किलोकॅलरी मिळत होत्या आणि आठवड्याला पस्तीसेक किलोमीटर चालावे लागत होते. काही महिन्यांत त्यांचे बोलणे, वाचणे, स्वप्ने पाहणे सारे अन्नाभोवती फिरू लागले, ते चिडचिडे आणि उदास झाले, आणि त्यांच्या पायांवर सूजही आली. आजकाल सर्रास सुचवल्या जाणाऱ्या कित्येक झटपट आहारांत याहून कमी कॅलरी असतात. अशा आहारावर मन टिकले नाही, तर दोष मनाचा नाही.

कमी खाल्ल्यावर चयापचय ‘बंद पडते’ आणि म्हणून वजन उतरत नाही, हे मात्र खरे नाही. ते काहीसे मंदावते, थांबत नाही.

एखाद्या दिवशी बेत मोडतोच. त्या दिवसाचे खरे नुकसान खाल्लेल्या पदार्थाने फारसे होत नाही. आता मोडलेच आहे तर आज पोटभर आणि उद्यापासून नव्याने, या विचाराने होते. डाएट करणाऱ्या लोकांमधील ही मनोवृत्ती मानसशास्त्रज्ञ पीटर हर्मन आणि जॅनेट पोलिव्ही यांनी प्रयोगांतून दाखवून दिली आहे. माझा नियम असा आहे, की मोडलेला बेत पुढच्या जेवणाला दुरुस्त करायचा. पुढच्या सोमवारची वाट पाहायची नाही आणि दुसऱ्या दिवशी उपास करून भरपाईही करायची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काटा किलोभर वर असेल. एक किलो चरबी एका रात्रीत वाढायची तर गरजेपेक्षा 7,700 किलोकॅलरी जास्त खाव्या लागल्या असत्या, हे आठवून आकडा वहीत लिहावा आणि काटा बाजूला ठेवावा.

झोपेकडेही इथेच पाहावे. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या, दहाच जणांच्या पण काटेकोर अभ्यासात तोच कमी आहार घेऊन साडेआठ तासांऐवजी साडेपाच तास झोपेची संधी मिळाली, तेव्हा वजन जवळपास तेवढेच उतरले, मात्र त्यातील चरबीचा वाटा निम्म्याहून खाली आला आणि भूक वाढली. रात्री जागून सकाळी व्यायामाला उठणे हा सौदा तोट्याचा आहे.

घरच्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या शेऱ्यांबद्दल एवढेच सांगते, की सुरुवातीला कोणाला काही सांगू नये. सांगायचेच तर एका माणसाला सांगावे आणि त्याला वजन विचारू नको, आज चाललीस का एवढेच विचार, असे बजावावे.

आठवी पायरी: अठ्ठाविसाव्या दिवशी हिशेब तपासा

ठरलेल्या तारखेला चार सरासऱ्या आणि दोन-तीन वेळा मोजलेला घेर समोर ठेवावा. सरासरी उतरती असेल, मग ती पाव किलोने का असेना, तर काही न बदलता पुढे चालावे. दोन्ही आकडे जागच्या जागी असतील तर स्वतःवर चिडण्याऐवजी हिशेबनीसाच्या नजरेने खाण्याची नोंद तपासावी, कारण इथे प्रामाणिक माणसांचीही मोठी चूक होते. आपण 1,200 किलोकॅलरींहून कमी खातो तरी वजन उतरत नाही, असे सांगणाऱ्या लोकांचे प्रत्यक्ष मोजमाप 1992 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी खाल्लेले अन्न सरासरी 47 टक्के कमी आणि केलेली शारीरिक हालचाल 51 टक्के जास्त नोंदवली होती, आणि त्यांचे चयापचय व्यवस्थित होते. ही माणसे खोटे बोलत होती असे समजण्याचे कारण नाही. अंदाज चुकतो, आणि तो नेहमी आपल्याला सोयीच्या बाजूने चुकतो.

चूक शोधायची तर तीन दिवस, त्यात एक सुट्टीचा धरून, सगळे मोजून आणि खातानाच लिहावे. सर्वांत आधी तेल मोजावे. पंधरा मिलिलिटरच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे 120 किलोकॅलरी असतात. बाटली कढईवर तिरकी करून ओतलेले तेल अंदाजापेक्षा एक चमचा जास्त पडले, तर अर्ध्या तासाच्या चालण्याची बरीचशी कमाई तिथेच आटते. त्यानंतर साखर घातलेली पेये, मूठमूठ खाल्लेले शेंगदाणे आणि स्वयंपाक करताना घेतलेली चव यांकडे वळावे. मग सुट्टीच्या दिवसांचा हिशेब करावा. पाच दिवस रोज 400 किलोकॅलरींची तूट ठेवली तर 2,000 झाल्या. दोन दिवस रोज 800 जास्त खाल्ल्या तर त्यातून 1,600 वजा झाल्या. उरलेल्या 400 म्हणजे आठवड्याला 52 ग्रॅम. पाच दिवस झालेला त्रास खराच होता, म्हणून तर इतके करूनही काही होत नाही, ही भावना इतकी पक्की बसते.

नोंद काटेकोर निघाली आणि तरीही काही हलत नसेल, तर डॉक्टरांकडे जावे. थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावणे आणि पीसीओएस (स्त्रियांमधील अंडाशयाशी संबंधित संप्रेरकांचा विकार) यांसारख्या कारणांमुळे वजन वाढते किंवा उतरणे अवघड होते, आणि स्टिरॉइड, इन्सुलिन, मनोविकारांवरची काही औषधे व बीटा ब्लॉकर (रक्तदाब आणि हृदयविकारावरची औषधे) यांचाही वजनावर परिणाम होऊ शकतो. औषध मनानेच बंद करू नये. पर्याय आहे का, हे विचारावे. जाताना ही वही बरोबर न्यावी. ‘काहीच फरक पडत नाही’ या तक्रारीपेक्षा अठ्ठावीस सकाळचे आकडे डॉक्टरांच्या जास्त उपयोगी पडतात. पायांवर सूज, दम लागणे, सतत थकवा किंवा पाळी थांबणे यांपैकी काही असेल, तर अठ्ठाविसाव्या दिवसाची वाट न पाहता लगेच जावे.

चूक सापडली, तर पुढच्या चार आठवड्यांसाठी एकच गोष्ट बदलावी. तेल मोजायचे ठरवले तर चालणे, झोप, जेवणाच्या वेळा तशाच ठेवाव्यात, म्हणजे फरक पडल्यावर तो कशामुळे पडला ते कळेल. मी बदलली ती गोष्ट रविवारचे रात्रीचे जेवण होती. ते तासभर अलीकडे आणले आणि वाढून घेतलेल्या ताटानंतर भांडी लगेच ओट्यावरून उचलायला लागले. वहीच्या नव्या पानावर ते एक वाक्य लिहिले, खाली पुढची तारीख लिहिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा काट्यावर उभी राहिले. आकडा होता 81.2.